त्याला सांग

मंगळवार

राग आला की बोलू नकोस, लिहून काढ, असं माझ्या मैत्रिणीने, म्हणजे घाईने, सांगितलं होतं. वहीसुद्धा तिनेच दिली. इतके दिवस पहिल्या पानावर माझ्या सहीशिवाय काही नव्हतं. आज एवढा राग आलाय की वही पुरणार नाही.

बाबांना कांजिण्या आल्या आहेत.

या वयात! आयुष्यात पहिल्यांदा माणूस चष्म्याचं दुकान बंद ठेवून परदेशी फिरायला येतो आणि बघतो काय, तर स्वतःच्या पोटावरचे फोड. कालपर्यंत आई म्हणत होती, इथल्या साबणाचं होतंय. आज सकाळी ते कपाळावर आले तेव्हा घरमालकीण किंचाळली. दुकानात आलेल्या कुठल्यातरी पोराकडून आणल्या असणार. लहान मुलांना चष्मा लावताना बाबा त्यांच्या नाकाला नाक लावून बघतात.

डॉक्टरीण आली. तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला येत नाही. मध्ये फोन. ती बोलली की फोनमधली बाई मराठीत सांगायची, "रुग्ण पुरुष बंद राहील. खपल्या वाळेपर्यंत विमान नाही. एक संरक्षित नातेवाईक बंद राहील."

संरक्षित म्हणजे ज्याला कांजिण्या येऊन गेल्यात तो.

"याला आल्यात," आई लगेच म्हणाली. "चौथीत. झोपाळ्यावर पडून होता, कुणाला हात लावू देत नव्हता."

"आणि तू?" मी विचारलं.

आईने भुवईजवळच्या तिच्या त्या छोट्या खड्ड्यावर बोट फिरवलं. विचार करताना फिरवते. आमचं शेपूट, म्हणजे धाकटी बहीण, लहानपणी त्यात करंगळी घालून झोपायची. "मला नाही रे कधी आल्या," आई म्हणाली. "आल्या असत्या तर मी कशाला तुला राहायला सांगितलं असतं?"

झालं. शेपटाला लस दिलेली आहे, पण डॉक्टरणीला लस नको, आजार झालेलाच माणूस हवा. आई आणि शेपूट गल्लीपलीकडच्या समोरच्या घरात, तेही याच मालकिणीचं. आणि मी इथे, वरच्या मजल्यावर, दोन पलंग आणि एका खिडकीच्या खोलीत, बाबांसोबत.

मी कॉलेज सोडल्यापासून बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नाही.

आईला यातलं काही कळत नाही. भोळी आहे.

मंगळवार, पुन्हा

मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. आमचं परतीचं विमान शनिवारी आहे. रविवारी संध्याकाळी घाई जाणार आहे. लांबच्या शहरात नोकरी लागली तिला. घाई हे मी ठेवलेलं नाव. तिला जेवायची घाई, जिना उतरायची घाई, समोरच्याचं वाक्य संपवायची घाई. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. स्टेशनवर सांगणार होतो, गाडी सुटायला दोनच मिनिटं असताना, म्हणजे तिला भांडायला वेळ मिळाला नसता. सगळं ठरलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

खपल्या शनिवारपर्यंत वाळणार नाहीत. मी बाबांकडे बघून हिशेब केला, ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बुधवार

एका खोलीत राहून न बोलण्याची आमची पद्धत अशी.

घरी बाबा आईला म्हणतात, "त्याला सांग, नळ नीट बंद करत जा." मी आईला म्हणतो, "त्यांना सांग, नळ खराब आहे." मधे आई असते म्हणून हे चालतं. इथे आई गल्लीपलीकडे आहे. मला वाटलं आता तरी शांतता मिळेल.

सकाळी बाबांनी फोन उचलला, आईला लावला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "अगं, त्याला सांग, खिडकी लाव. वारा येतोय."

मग माझा फोन वाजला. "अरे, बाबा म्हणतायत खिडकी लाव."

"ऐकू आलं मला. तीन हातांवर आहेत ते."

"मग लाव की."

"त्यांना सांग, खोलीत औषधाचा वास कोंडलाय."

बाबांचा फोन वाजला. दिवसभर हेच. पंखा, टॉवेल, दिवा, माझ्या चपला. दुपारी शेपटाचा निरोप आला, "दादा, आई म्हणतेय तिचा कान गरम झाला. तुम्ही दोघं एकमेकांवर काहीतरी फेकून का मारत नाही?"

जेवण दाराबाहेर ठेवून घरमालकीण दारावर टकटक करते आणि पळते. अंडी, पाव, पातळ सूप. बाबांनी सूप अर्धं ठेवलं. अंग तापलंय हे मला खोलीच्या या टोकावरून कळतं, पण थर्मामीटर लावायला ते मला सांगणार नाहीत आणि मीही विचारणार नाही. आईने फोनवर सांगितल्यावर लावला. ताप आहे.

घाईला निरोप पाठवला की मी अडकलोय, बहुतेक रविवारी येणार नाही. उत्तर आलं, "बरं. काका कसे आहेत?" बस! मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य पाठ करून बसलोय आणि हिला काकांची पडलीय.

गुरुवार

आई फोन उचलत नाही.

सकाळपासून बाबांनी तिला लावून बघितला, मी लावून बघितला. शेवटी खिडकीत उभा राहून हाका मारल्या. समोरच्या गॅलरीत आई कपडे वाळत घालत होती, माझेच शर्ट. तिने हात हलवला, कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि आत गेली. शेपूट म्हणतं फोन बंद पडलाय. "मग तुझ्या फोनवर दे तिला." तर म्हणे, "माझा चार्ज नाही." मग हा निरोप कशावरून पाठवतेस, असं विचारलं तर गप्प. या घरात कुणाला एक साधी वस्तू नीट ठेवता येत नाही.

दुपारी बाबा उठून बसले. तोंड पार सुजलेलं. पाण्याच्या तांब्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, मग छताकडे बघून म्हणाले, "पाणी."

छताला सांगितलं असं धरून मी दिलं.

नंतर पाठीला लोशन लावायचं होतं. त्यांचा हात पोचत नाही. हे तर छतालाही करता येण्यासारखं नव्हतं. मी बाटली घेतली, कापूस घेतला.

"घासू नको," बाबा म्हणाले. "टिपायचं. काच पुसताना पुसतो तसं नाही, टिपायचं."

"मला काच पुसायला कधी दिलीत तुम्ही?"

"दिली होती. ओरखडे पाडलेस."

"आठवीत होतो मी!"

"म्हणून तर अजून दुकानात आहे ती. कोण घेणार?"

एवढं झालं. हे बोलणं झालं की भांडण, ते मला सांगता येत नाही. आईला विचारलं असतं, पण तिचा फोन बंद.

त्यांची पाठ मी कधी इतक्या जवळून बघितली नव्हती. मला ती रुंद वाटायची.

शुक्रवार

डॉक्टरीण आली. दोन गोष्टी झाल्या. दोन्ही मला नीट लिहायच्या आहेत, कारण माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिली. मी तिला फोनमार्फत विचारलं की मला कांजिण्या येऊन गेल्यात, तर मी विमानाने जाऊ शकतो का. फोनमधली बाई म्हणाली, "तरुण माणूस मुक्त आहे. तरुण माणूस उडू शकतो." मी मुक्त आहे! शनिवारी निघालो तर रविवारी सकाळी घरी, संध्याकाळी स्टेशनवर. मंगळवारीच का नाही विचारलं मी हे? कुणाला सुचलं का नाही?

दुसरी. बाबांच्या उजव्या डोळ्याच्या पापणीवर, अगदी कडेला, एक फोड आलाय. डॉक्टरणीने बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. थेंब लिहून दिले, दिवसातून बऱ्याच वेळा घालायचे. "डोळा महत्त्वाचा आहे. डोळ्याकडे दुर्लक्ष नको. परवा मी पाहीन."

बाबांनी फोनमधल्या बाईला दोनदा विचारलं, "बुबुळावर आहे का?" ती म्हणाली, "सध्या कडा." ते मान हलवत राहिले. दुकानात एवढी माणसं येतात, कुणाच्या डोळ्यात कचरा गेला, कुणाला दिसेनासं झालं, बाबा त्यांच्या पापण्या उलट्या करून बघतात आणि मजेत गप्पा मारतात. आणि स्वतःच्या डोळ्यात थेंब घालायचा म्हटल्यावर लहान पोरासारखे डोळे गच्च मिटून बसले. तीन थेंब गालावर गेले. शेवटी मी डोकं धरलं, पापणी वर केली आणि म्हटलं, "वर बघा. वर. छताशी बोलता ना, मग बघा त्याच्याकडे."

गेला थेंब.

"हात स्थिर आहे तुझा," ते म्हणाले. मग लगेच, "बाटलीचं झाकण लाव."

संध्याकाळी आईचा फोन अचानक चालू झाला. मी सांगितलं, मला जाता येईल, जाऊ का? मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जा. तुझं काम महत्त्वाचं असेल तर जा. यांच्याजवळ मी येऊन राहीन."

"तू कशी येशील? तुला झालेल्या नाहीत ना!"

"बघू रे. माझं मी बघेन."

हे असं! हिला आजार होईल, मग मला आयुष्यभर ऐकायला लागेल. याला धमकी म्हणतात. तीसुद्धा इतक्या गोड आवाजात.

मी जाणार आहे. ठरलं.

शनिवार

वाहन सांगितलं होतं. घरमालकिणीचा भाचा विमानतळावर सोडणार होता. बॅग भरली. बाबा भिंतीकडे तोंड करून. मी दारातून म्हटलं, "निघतो."

"हं."

"आई येतेय."

"हं."

खिडकीतून दिसलं, आई समोरच्या दारात उभी. खांद्यावर शाल, हातात तिची कापडी पिशवी, चांगली फुगलेली, वर तिची उशी बांधलेली. कांजिण्यांची जराही भीती दिसत नव्हती. आणि वर स्वतःची उशी! आईचं काही सांगता येत नाही.

खाली गाडी वाजली. मी बाबांना म्हटलं, "थेंबाची वेळ झालीय. एवढे घालतो आणि जातो."

ते सरळ झाले. आज डोळा कालपेक्षा लाल होता. मी डोकं धरलं तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं, सोडेनात.  

"बाबा, कडेलाच आहे तो."

"मला माहितीय कुठे आहे ते. आरशात बघितलं मी." मग हळू आवाजात, "एका डोळ्याने भिंग बसवता येत नाही रे. अंतर कळत नाही."

"काही होत नाही."

"तुला काय माहीत? कॉलेज सोडलेला माणूस तू."

"आणि तुम्ही? माझ्यासाठी त्या सरांपुढे हात जोडून आलात! मी नक्कल केली नव्हती. त्यांनी सगळ्या वर्गासमोर मला चोर म्हटलं, मी वही त्यांच्या टेबलावर आपटून निघालो, आणि माझा बाप जाऊन माफी मागून आला!"

बोलून गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात त्यांचं डोकं.

बाबांनी एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघितलं. "माफी? कोण म्हणालं?"

"आई."

"मी भांडायला गेलो होतो."

खाली गाडी पुन्हा वाजली.

"मी त्या माणसाला म्हटलं, माझा मुलगा उर्मट आहे, आळशी आहे, सगळं कबूल. पण नक्कल करायला शेजारी काय चाललंय ते बघावं लागतं. एवढं लक्ष त्याने वर्गात कधी दिलेलं नाही. मग त्याचा आवाज चढला, मग माझा. मग त्यांच्या पहारेकऱ्याने मला दंडाला धरून फाटकापर्यंत आणून सोडलं. माझंच गिऱ्हाईक तो. जाताना म्हणाला, काका, काडी सैल झालीय, उद्या येतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी आई म्हणाली, सांगू नका, पोरगं आणखी चेकाळेल."

"मग माझ्याशी बोलत का नव्हता?"

"तू कुठे बोलत होतास?"

 थेंब घातला. मग दुसरा घातला, कारण पहिला कुठे गेला तेच कळलं नाही. माझंच अंतर चुकलं असेल, नीट दिसत नव्हतं. खाली भाचा तिसऱ्यांदा वाजवून वैतागला, वर ओरडला. मी खिडकीत जाऊन हाताने सांगितलं, जा. फोनमधल्या बाईची गरज पडली नाही.

समोरच्या दारात आईने शाल खांद्यावरून काढली, घडी केली आणि पिशवी घेऊन आत गेली.

मग मला जो राग आला तो आला. विमान गेलं, रविवार गेला, घाई गेली. मी पलंगावर बसून बॅगेला लाथ मारली.

"स्टेशनवर कोण जाणार आहे?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही."

"उणे सव्वादोन का?"

मला आधी कळलंच नाही. बाबा माणसं नावाने नाही, चष्म्याच्या नंबराने लक्षात ठेवतात.

"डावा उणे सव्वादोन, उजवा उणे दीड. भराभर बोलणारी. काळी चौकट."

"तुम्हाला काय माहीत?"

"येते ना दुकानात. तू दुकानात बसणार नाही म्हणून ओरडून गेलास, त्यानंतर तीनचारदा आली. काडीचा स्क्रू ढिला झालाय म्हणते. मी बघतो, तर घट्ट. उगाच पेचकस फिरवतो आणि परत देतो. मग विचारते, आज तुम्ही एकटेच का, काका? मी म्हणतो, एकटाच. मग जाते."

मी बॅग उचलून पलंगाखाली सरकवली. 

"मला वाटलं तुला माहीत असेल," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. "त्या आठवीतल्या काचेपेक्षा जाड आहेस तू."

संध्याकाळी घरमालकिणीने दाराबाहेर ताटाबरोबर एक गठ्ठा ठेवला. माझे शर्ट, धुऊन इस्त्री केलेले, पुढचा आठवडा पुरतील एवढे. मी निघालो होतो तेव्हा आईने हे बॅगेत भरायला न देता स्वतःकडेच का ठेवले होते, कोण जाणे. तिला नेमकं कधी काय करायचं ते कळत नाही.

रविवार

डॉक्टरीण म्हणाली, डोळा वाचला. फोड बाहेरच राहिला. बाबांनी तिला मराठीत धन्यवाद दिले, मग फोन मागून पुन्हा दिले, मग मला म्हणाले, "तूही दे."

दुपारपासून मी घाईला निरोप लिहितोय. पाठ केलेलं वाक्य लिहिलं, वाचलं, पुसलं. वाचताना फोनमधली बाई बोलल्यासारखं वाटत होतं. भलंमोठं लिहिलं, पुसलं. रागावून लिहिलं, तेही पुसलं. बाबा एका डोळ्याने बघत होते. "काय रे, कादंबरी लिहितोस का? तिची गाडी सुटेल."

शेवटी एवढंच पाठवलं, "स्क्रू खरंच ढिला होता का?"

काही नाही. गाडीची वेळ झाली. काही नाही. घाई उत्तर द्यायला कधी इतका वेळ लावत नाही. मी फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला. वेळ टळून गेली. बाबांनी त्यांच्या सुपातलं अंडं न विचारता माझ्या वाटीत टाकलं.

मग फोन वाजला.

"कधीच नव्हता. गाडीत बसलेय. खिडकीतून सारखी फलाटावर बघत होते, आणि तू येणार नाहीस हे माहीत होतं. मूर्ख आहेस. काकांना सांग, नवीन शहरात चष्मा करणार नाही, तिथेच करायला येईन."

मी बाबांना वाचून दाखवलं. सगळं नाही. शेवटचं वाक्य.

"नंबर वाढला असेल तिचा," बाबा म्हणाले. "जिला चांगलं दिसतं ती तुझ्याकडे कशाला बघेल?"

मंगळवार

खाज. चिडचिड. बाबांची खाज, माझी चिडचिड. नखं कापून दिली त्यांची. दोनदा भांडलो, एकदा पंख्यावरून, एकदा कॉलेजवरून. ते म्हणतात परत जा आणि त्या माणसाच्या नाकावर टिच्चून पास हो. मी म्हणतो, आधी दुकानात बसतो, मग बघू. ते म्हणतात, ओरखडे पाडशील. आईला मध्यस्थी करायला फोन लावला, तर म्हणे, "तुम्ही दोघं बोलताय ना? मग मला कशाला?" आणि ठेवला. कधी नव्हे ती हवी होती, तर नाही.

शनिवार, विमानतळावर

खपल्या वाळल्या. सुटका.

बाबांच्या कपाळावर भुवईच्या वर एक खड्डा राहणार, असं डॉक्टरीण जाताना म्हणाली. तिने फोनला काहीतरी सांगितलं आणि आईकडे बोट दाखवलं. फोनमधली बाई म्हणाली, "पत्नीसारखाच. पती-पत्नी जोडी."

मी आईला विचारलं, "तुझा कसला गं हा खड्डा?"

आईने भुवईजवळ बोट नेलं. "हा होय? लहानपणी पडले होते. पायरीवरून."

बाबा एवढे हसले, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. शेपूटही हसायला लागलं. मी पाणी आणून दिलं. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. माणूस पडतो, लागतं, खूण राहते. बंद खोलीत राहून बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक.

आत्ता आम्ही चौघं ओळीने बसलोय. आई मध्ये, मी तिच्या या बाजूला, बाबा त्या बाजूला. जुनी सवय. बाबा पुढे वाकले आणि म्हणाले, "अगं, त्याला सांग, पासपोर्ट वरच्या खिशात ठेव, खालच्यात पडतो."

आई उठली. म्हणाली, "मला जरा पाय मोकळे करायचेत," आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली, डोळे मिटून. पाय मोकळे करायला निघालेली बाई बसते कशाला?

मधली खुर्ची रिकामी राहिली. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"ठेवलाय," मी म्हटलं. "वरच्याच खिशात."

एकच मनात राहून गेलं. आईला लहानपणी कांजिण्या आल्या असत्या, तर ती राहिली असती त्या खोलीत आणि मी वेळेवर घरी पोचलो असतो. पण तिला काय बोलणार? तिला यातलं काही कळत नाही.